दारातला तांब्या

रोज सकाळी टेबल मांडण्याआधी मुज्तबाभाई खिशातून एक नाणं काढायचे आणि सालाच्या आकड्याखाली अंगठ्याचं नख फिरवायचे. नजर रस्त्यावर असायची, नख नाण्यावर. नखाला शंकरपाळीसारखा चौकोन लागला तर नाणं मुंबईच्या टाकसाळीचं, ठिपका लागला तर नोएडाचं, काहीच लागलं नाही तर कलकत्त्याचं. असली नाणी चहावाल्याच्या हातावर जायची. पण बारीकशी चांदणी लागली की नाणं सदऱ्याच्या आतल्या खिशात जायचं आणि नख दुसऱ्या नाण्यावर फिरू लागायचं. चांदणी म्हणजे हैदराबाद.

“भाई, चांदणी असू द्या न्हाईतर चंद्र,” चहावाला म्हणायचा, “माझी उकळी काय तिच्यासाठी थांबत न्हाई.”

लातूरच्या गंजगोलाईत शिवप्पा शेठचं भांड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या ओट्यावर मुज्तबाभाईंचं टेबल. टेबल म्हणजे शिवणयंत्राचा जुना सांगाडा, वर एक फळी. आतून कुणी भांडी घेतली की नाव घालायला ती बाहेर ओट्यावर यायची. लग्नाची भांडी यायची, बारशाची यायची, देवळाला आणि शाळेला द्यायची ‘यांच्या स्मरणार्थ’ असं लिहायची मोठाली पातेली यायची. भाईंचं अक्षर ठिपक्याठिपक्यांचं, पण ते ठिपके डोळा अगदी जवळ नेला तरच दिसायचे. लांबून वाटायचं, कुणी टाकानं रेघ ओढली आहे.

अक्षर असं, आणि माणूस मात्र असा, की एका जागी पाव तास टिकायचा नाही. टेबलाखाली गुडघा सारखा हलत असायचा. अर्ध्या नावावरून उठून ते डब्यातलं एखादं नाणं बघायला जायचे आणि तिथंच रमायचे.

“आरं मुज्तबा,” शिवप्पा शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, “रत्नम्माबाईंच्या घागरीवर नुसतं ‘रत्न’ घालून कुठं गेलास? त्या बाई मला म्हणून राहिल्यात, शेठ, माझी अम्मा कुठं हाय?”

भाईंची मुलगी लुबना लहानपणापासून ओट्याच्या कडेला बसून हे ऐकत मोठी झाली. वडिलांचा तो बिस्किटांचा डबा तिला घरातल्या कुठल्याही खेळण्यापेक्षा जवळचा होता. त्यात सरकारनं कशाच्या ना कशाच्या आठवणीसाठी काढलेली नाणी होती. भाई एकेक नाणं तिच्या तळहातावर ठेवायचे आणि विचारायचे, “बघ, हे काढणाऱ्याला काय अडचण आली असंल?” त्यांच्या मते प्रत्येक नाण्यामागं कुणीतरी एक अडलेला माणूस होता. नेहरूंचा अर्धा रुपया दोन तऱ्हांचा निघाला होता. एकावर नाव हिंदीत, एकावर इंग्रजीत. “भांडण मिटवायला दोन्ही काढले,” भाई म्हणायचे. कुटुंब नियोजनाच्या नाण्यावर आई, बाप आणि दोनच पोरं. ते बघून लुबनाची अम्मी रईसा पदर तोंडाला लावायची. “आम्ही सहा भावंडं. आम्हाला ह्या नाण्यावर उभं राहायला सुद्धा जागा न्हाई.” पुढं रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हा दोन रुपयांच्या नाण्यावर कंदील घेतलेला हत्ती आला. भाई दोन दिवस त्यावर हसत होते. एवढी मोठी रेल्वे एवढ्याशा नाण्यात मावेना, तर तिच्या जागी त्याहून मोठा हत्ती बसवला आणि तो मावला.

पण डब्यातलं सगळ्यात लाडकं नाणं आठवणीसाठी काढलेलं नव्हतंच. तो निजामाचा रुपया होता. भाई मूळचे नांदेडच्या इतवाऱ्यातले. त्यांचे आजोबा हैदराबादच्या टाकसाळीत कामाला होते आणि हा रुपया त्यांनी नातवाला दिला होता. रुपयावर चारमिनार होता, आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत, दारात, मुंगीएवढं एक अक्षर.

ते अक्षर लुबनाला पहिल्यांदा नीट दिसलं तो दिवस त्र्याण्णव सालच्या अनंत चतुर्दशीचा. बुधवार होता. ती सात वर्षांची होती.

किल्लारीच्या पलीकडच्या एका गावाहून ग्यानोबा नावाचे शेतकरी आले होते. बरोबर त्यांची मुलगी दीपमाला. दिवाळीनंतर तिचं लग्न होतं. शिवप्पा शेठकडून त्यांनी अकरा भांडी घेतली आणि वर एक तांब्या.

“भाई, सांजपर्यंत व्हईल का?” ग्यानोबांनी विचारलं. “न्हाई झालं तर हितं बहिणीकडं ऱ्हातो. पोरीला गणपती बी बघायचेत.”

“हा सांजपर्यंत म्हणला का?” शेठ आतून म्हणाले. “मग तुम्ही पुढल्या चतुर्थीला या.”

ओट्यावरची सगळी माणसं हसली. भाईंना ते लागलं. त्यांनी बाह्या वर केल्या. “शेठ, आज बघाच तुम्ही.”

दीपमाला लुबनाशेजारी बसली. तिनं काही न विचारता लुबनाच्या सुटलेल्या केसांची वेणी घालायला घेतली. हात घट्ट होता, पण दुखत नव्हतं. वेणी घालता घालता तिचं लक्ष फळीवरच्या रुपयाकडं गेलं.

“काका, ह्या दारात काय हाय? माशी बसली का?”

“माशी न्हाई बेटा, ऐन हाय.” भाईंचा हात थांबला नाही. “उस्मान नावातलं पहिलं अक्षर. निजामाचं. त्याच्या बापाच्या रुपयावर ह्याच दारात मीम असायचं, महबूबचं. अख्खं राज्य ज्याचं, त्याला नाण्यावर जागा मिळाली ती दारात. रोज हजार हात लागायचे, पण बघणाऱ्यालाच दिसायचं.”

दीपमालानं वेणीला गाठ मारली. मग हळू आवाजात म्हणाली, “माझ्या भांड्यात बी काय तरी लपवा की. सासरी कुणाला दिसू नये. मलाच ठाऊक.”

“काय लपवू?”

“ते तुम्ही ठरवा.”

भाई हसले. तांब्या त्यांनी बाजूला काढून ठेवला. “आज घाई हाय. ह्यो ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. नाव घालतो आणि निवांत लपवतो. दिवाळीच्या बाजाराला आलात की न्या.”

साडेचारला अकराच्या अकरा भांडी तयार होती. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मुज्तबाभाईंनी काम वेळेत दिलं होतं. शिवप्पा शेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्यानोबांनी भांडी पोत्यात भरली.

“मग कशाला मुक्काम? पाचची गाडी गावती.”

“आणि गणपती?” दीपमाला म्हणाली.

“पुढल्या वर्षी बघ की. कुठं पळून चाललाय गणपती?”

दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमाराला लातुरातल्या घराघरांत मांडणीवरची भांडी खाली आली. किल्लारीकडं काय झालं ते दिवस वर आल्यावर कळलं.

तिसऱ्या दिवशी भाई मदतीच्या ट्रकमध्ये बसून गेले. काय बघितलं ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की ढिगाऱ्यातून निघालेली भांडी एका लिंबाखाली ओळीनं मांडून ठेवली होती, ज्याची त्यानं नाव वाचून न्यावीत म्हणून. पोचे आलेली, मातीनं भरलेली. “लांबूनच अक्षर ओळखलं,” ते रईसाला म्हणाले. “माझंच व्हतं.” अकरांपैकी आठ मिळाली होती. न्यायला घरातलं कुणी उरलं नव्हतं.

ती आठ भांडी ग्यानोबांच्या लातूरच्या बहिणीनं नेली. सिंधुबाई तिचं नाव. महिन्याभरानं ती ओट्यावर आली.

“भाई, माझ्या भाचीचा एक तांब्या तुमच्यापाशी ऱ्हायलाय म्हणं.”

भाईंनी तांब्या काढला. त्यावर दीपमालाचं नाव घालून झालं होतं. त्यांनी तो हातात फिरवला, पुन्हा फडक्यात गुंडाळला.

“बाई, अजून काम राह्यलंय. उद्या या.”

त्या दिवसानंतर मुज्तबाभाईंनी कुणालाही, काहीही, त्याच दिवशी दिलं नाही. दोन अक्षरांचं नाव असलं तरी ‘उद्या या’. गिऱ्हाईक चिडायचं, शेठ डोक्याला हात लावायचे. पूर्वी काम रेंगाळायचं, आता ते झाल्यावरसुद्धा फळीखाली एक रात्र काढायचं. कुणी फारच गळ घातली तर भाईंचा गुडघा जोरात हलू लागायचा आणि ते म्हणायचे, “आजच कुठं जायची घाई हाय? ऱ्हावा की एक दिवस.”

लुबनाला पुढं पुढं या ‘उद्या’ची लाज वाटू लागली. मैत्रिणींच्या आया तिला रस्त्यात अडवून विचारायच्या, “तुझ्या अब्बाचा उद्या कधी गं उगवतो?” वेणीची, गणपतीची, पाचच्या गाडीची गोष्ट तिला ठाऊक होती. पण ती रस्त्यात उभं राहून सांगायची गोष्ट नव्हती.

मग लातूर बदललं. लातूर पॅटर्नचं नाव झालं आणि मुखेडहून, हदगावहून, उदगीरहून एसटीच्या टपावर वळकट्या टाकून पोरं येऊ लागली. डॉक्टर व्हायला, इंजिनिअर व्हायला. ज्याच्या घरात एक खोली जास्त होती तो होस्टेलवाला झाला, जिच्या हाताला चव होती ती मेसवाली झाली. ओट्यावर येणारं काम बदललं. लग्नाची भांडी कमी झाली आणि जेवणाचे डबे आले. शेकडो डबे. मेसमध्ये अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकावर पोराचं नाव, गाव आणि बॅच. भाईंनी आता विजेवरची पेन घेतली होती. ती घरघरायची आणि तिच्याबरोबर त्यांचा गुडघाही.

सिंधुबाईंनीही मेस काढली होती. चाळीस पोरं जेवायची. दर जूनमध्ये त्या डबे घेऊन यायच्या, आणि डबे मोजून झाले की तेच विचारायच्या.

“भाई, तांब्या?”

“उद्या.”

“माझी दाढ पडली, गुडघं गेलं. तुमचा उद्या मातर अजून तरणाच हाय.”

त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. पण त्या गेल्या की भाई त्या दिवशी जेवायचे नाहीत. काय लपवायचं ते त्यांना ठरवताच आलं नव्हतं. फूल काढून बघितलं, पाखरू काढून बघितलं, कागदावर काढायचे आणि चुरगाळायचे. एकदा लुबना चिडून म्हणाली, “अब्बा, काहीतरी एक काढा आणि देऊन टाका ना. अकरा वर्षं झाली.”

“तांब्यावर लपवलं तर ते तिला ठाऊक असायला पायजे,” भाई म्हणाले. “ती न्हाई. मग लपवायचं कुणापासून, आणि दावायचं कुणाला?”

दोन हजार चार साली लुबना बारावीत होती आणि पंचाक्षरी सरांच्या क्लासला जात होती. सरांनी चौऱ्याण्णवला एका पत्र्याच्या खोलीत क्लास सुरू केला होता. आता तीन मजली इमारत होती. लुबनाच्या डब्यावरचं अक्षर बघून सर एके दिवशी स्वतः ओट्यावर आले. क्लासची दशकपूर्ती होती आणि त्यांना गुणवंतांना पदकं द्यायची नव्हती.

“पदक खुंटीला टांगून पोरं विसरतात,” सर म्हणाले. “मला नाणं पाहिजे. चांदीचं. एकशे एक. पोरांनी जन्मभर खिशात ठेवलं पाहिजे.”

मुज्तबाभाईंचा हलणारा गुडघा थांबला. लुबना समोरच होती, तिनं ते पाहिलं.

“एका बाजूला इमारत,” सर म्हणाले. “दुसऱ्या बाजूला मी.”

“सर, एक बोलू का? आपल्या सरकारनं जित्या माणसाचं तोंड नाण्यावर घातलेलं मला तर ठाऊक न्हाई. नेहरूंचं नाणं बी ते गेले त्या साली निघालं.”

“मग मी काय करू? थांबू?”

शिवप्पा शेठ आत खोकल्याचं निमित्त करून हसले.

“तसं न्हाई सर. दुसरी अडचण हाय. दोन्ही ठशांच्या मधी चांदी दाबली जाती. एकीकडं उंचवटा आला की चांदी तिकडं पळती. त्याच्या बरोबर पाठीमागं दुसरा उंचवटा ठेवला तर तिथं पुरत न्हाई. तुमचं तोंड मधोमध घेतलं तर इमारतीचं दार बरोबर त्याच्या पाठीमागं येतं. तोंड जरा कडंला घेऊ.”

“क्लास माझा आणि मी कडेला?” सर म्हणाले. “मधोमधच पाहिजे. आणि दारही मधोमध, वर पाटी आहे ना.”

दुसरं कुठलं काम असतं तर भाईंनी मान हलवली असती आणि ‘उद्या या’ म्हटलं असतं. पण सरांनी दार म्हटलं होतं. त्या दारानं भाईंच्या डोक्यात काहीतरी उघडलं. ते म्हणाले, “बघतो सर. जमवतो.”

त्या दिवसापासून त्यांना घरात राहवेना आणि बाहेर बसवेना. जेवता जेवता उठायचे, ताटात बोटानं इमारत काढायचे. पोलादाच्या दोन गोल ठोकळ्यांवर त्यांनी उलट्या आकृती कोरायला घेतल्या. महिनाभरानं एका दुपारी त्यांनी लुबनाला हाक मारली, मऊ शिसाच्या चकतीवर इमारतीचा ठसा ठेवून हातोडा मारला आणि चकती तिच्या तळहातावर ठेवली. वर भिंग दिलं.

“दारात बघ.”

तीन मजले, पाटी, पायऱ्या. आणि दारात, मुंगीएवढा, एक तांब्या. आडवा पडलेला नाही, सांडलेला नाही. भरून उंबऱ्यात ठेवावा तसा उभा.

लुबनाच्या मानेवर, वेणी सुरू होते तिथं, काटा आला.

“ती म्हणली व्हती, कुणाला दिसू नये,” भाई म्हणाले. “दिसणार न्हाई. पण एकशे एक पोरांच्या खिशात फिरंल. पुण्याला जाईल, मुंबईला जाईल. तिला गणपती सुद्धा बघू दिला न्हाई मी.”

ठसे घेऊन बापलेक नांदेडला गेले. इतवाऱ्यात भाईंचा मामेभाऊ सलीम शाळांचे बिल्ले आणि पदकं ठोकायचा. त्याच्याकडं हातानं फिरवायचा मोठा प्रेस होता. सलीमनं दोन्ही ठसे उजेडात धरले, एकावर एक ठेवून बघितले आणि भाईंकडं बघत राहिला.

“मुज्तबा, तू मला शिकवलंस आणि तूच असं आणलंस? नाकाच्या बरोबर मागं दार?”

“खोल कोरलंय दारात. येईल.”

“खोल कोरलं तर आणखीन चांदी लागंल ना रे. कुठून येणार ती?”

“तू मार तर खरं.”

हे सलीम म्हणाला नसता तरी भाईंना ठाऊक होतं. तीस वर्षं ते लोकांना हेच सांगत आले होते. पण माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की आपला नियम त्या दिवसापुरता दुसऱ्यांसाठीच आहे असं त्याला वाटतं. चांदी थोडी होती, चकत्या मोजून कापून आणलेल्या. सलीमला दुसरं काम पोचवायची घाई होती, भाईंना लातूरची गाडी धरायची होती. नाणी शुक्रवारी गाडीनं पाठवतो म्हणून सलीमनं सांगितलं. पहिलं नाणं निघेपर्यंत बापलेक थांबले नाहीत.

शुक्रवारी सकाळी पेटी आली. रविवारी समारंभ होता. भाईंनी ओट्यावरच पेटी उघडली, एक नाणं काढलं, सवयीनं नख फिरवलं आणि मग भिंग लावलं.

पंचाक्षरी सरांचं नाक झकास उठलं होतं. चष्म्याची काडीसुद्धा आली होती. उलट्या बाजूला तीन मजले होते, पायऱ्या होत्या. दार मात्र कोरं. गुळगुळीत. त्यांनी दुसरं नाणं काढलं, तिसरं काढलं. लुबनानं पेटी पालथी केली. एकशे एक कोरी दारं फळीवर पसरली. दारातली सगळी चांदी नाकात गेली होती.

शिवप्पा शेठ गल्ल्यावरून उठून आले. त्यांनी एक नाणं हातात घेतलं. तांब्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही.

“चांगलं तर आलंय की रे,” ते म्हणाले. “सरांना द्यायला आज बी चालंल.”

“आज न्हाई,” भाई म्हणाले.

त्यांनी विजेची पेन बाजूला सारली. ती फार जाड होती. फळीखालच्या खोक्यातून त्यांनी बापाच्या वेळची टोचणी काढली, रईसाच्या केरोसिनच्या स्टोव्हच्या पिनेएवढी बारीक, आणि हलू नये म्हणून डांबरात नाणं बसवून पहिलं दार पुढ्यात घेतलं. ठशातून आला असता तर तांब्या उठून दिसला असता. आता तो खोदून काढावा लागणार होता, भांड्यावरच्या नावासारखा, ठिपक्याठिपक्यानं. एका दाराला दहा-बारा मिनिटं लागत होती. शुक्रवारचा पूर्ण दिवस गेला. गुडघा हलत नव्हता. लुबनानं आयुष्यात पहिल्यांदा अब्बांना इतका वेळ एका जागी बसलेलं पाहिलं, आणि त्यानं तिलाच बेचैन व्हायला झालं. ती उठायची, बसायची, रस्त्यापर्यंत जाऊन परत यायची.

शनिवारी सकाळी सर आले.

“मुज्तबाभाई, उद्या म्हणू नका हं.”

“उद्याच म्हणतो सर. उद्या समारंभ हाय ना? सकाळी नऊला पेटी तुमच्या टेबलावर.”

“आता काय राहिलंय पण?”

“हात फिरवून राहिलो,” भाई मान वर न करता म्हणाले. “चांदीला हात फिरवावा लागतो.”

सरांनी एक नाणं उचलून आपला चेहरा पाहिला आणि ते खुश होऊन गेले. नाणं त्यांनी उलटूनही पाहिलं नाही.

दुपारी सिंधुबाई आल्या. मेसमध्ये तीन नवीन पोरं आली होती, त्यांचे डबे घेऊन. भाई काम करत असल्याचं बघून त्या ओट्याच्या पायरीवर टेकल्या आणि नेहमीचं न विचारता नुसत्या बघत बसल्या. जाताना लुबनाला म्हणाल्या, “बापाला काही तरी खाऊ घाल गं. तोंड बघ कसं झालंय.”

भाईंनी ते ऐकलं. “बाई,” ते म्हणाले, “उद्या खरंच या. दुपारी.”

“बघा हं. म्हातारीला पायऱ्या चढायला लावून राहिलात.”

रविवारी नऊला पेटी सरांच्या टेबलावर होती. ती शिवप्पा शेठनी स्वतः नेली. एकशे एकांपैकी नव्व्याण्णव नाण्यांच्या दारात भाईंच्या हातचा तांब्या होता. शंभराव्यातला लुबनानं काढला होता. तो कांद्यासारखा झाला होता. शेवटच्या नाण्याचं दार कोरं राहिलं. ते तिनं तसंच पेटीत ठेवलं, आणि अब्बांच्या हातचं पहिलं नाणं मात्र काढून घेतलं. सरांना नंतर एक कमी पडलं, पण कुणाला विचारायची त्या दिवशी त्यांची हिंमत झाली नाही. समारंभात त्यांनी भाईंसाठी एक मिनिट सगळ्यांना उभं केलं. नाणी खिशात घालून पोरं उभी राहिली. तांब्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारी सिंधुबाई आल्या. ओट्यावर टेबल नव्हतं. भाई गेल्याचं त्यांना रस्त्यातच कळलं होतं. त्या तशाच चालत घरापर्यंत आल्या, बायकांमधून वाट काढत रईसाजवळ जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. बऱ्याच वेळानं लुबनानं फडकं सोडून तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उचलला, आतून पाहिला, बुडाशी पाहिला.

“काय तरी लपवायचं व्हतं ना ह्याच्यात?”

लुबनानं नाणं दिलं आणि भिंग दिलं. सिंधुबाईंना भिंग धरता येईना. लुबनानं त्यांच्या मागं जाऊन, त्यांचा हात धरून, ते नीट दारावर आणलं. म्हातारीचा श्वास भिंगावर धुकं धरत होता, तिनं ते पदरानं पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

“एवढ्याशा तांब्याला अकरा वर्षं,” त्या म्हणाल्या. नाणं त्यांनी कनवटीला लावलं, तांब्या काखेत घेतला आणि उठल्या. दाराशी पोचल्यावर एकदा मागं वळल्या आणि लुबनाची सुटलेली वेणी बघून परत आल्या. तिला पुढ्यात बसवून त्यांनी ती घालून दिली.

पुढं कितीतरी दिवस शिवप्पा शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, की मुज्तबानं दोनदाच काम वेळेवर दिलं. कुणी विचारायचं, अखेरीला भाई काय बोलले? शेठना वाटायचं, एवढ्या गोष्टी सांगणारा माणूस, काहीतरी मोठं बोलला असणार. लुबनालाही तसंच असावं असं वाटायचं. पण ते तसं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळचे पाच वाजले होते. पाचची गाडी गंजगोलाईवरून हॉर्न देत गेली. लुबनानं चहा आणून फळीच्या कोपऱ्यावर ठेवला. भाईंनी भिंगावरून डोळा काढला नाही, डाव्या हातानं नुसती खूण केली आणि म्हणाले,

“कपावर बशी झाक गं. दोनच दारं राह्यलीत.”